आधी वैरण मोजा

माझ्या मेव्हण्याने यंदा उसाचं बिल आणि रस्त्यालगतच्या एका प्लॉटचे पैसे एकाच महिन्यात पाहिले. एवढी रक्कम एकदम बघायची त्या घराण्याला सवय नाही. आठ दिवस तो गप्प होता. नवव्या दिवशी सकाळी भालकीला आमच्या ओट्यावर येऊन बसला, चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "दाजी, बोलेरोत बसून बसून कंबर गेली. आता एखादी लांब गाडी घ्यावं वाटायलंय."

आमच्याकडे मोटारींच्या दोनच जाती आहेत, उंच आणि लांब. उंच गाडी पुढाऱ्याची. तिच्यात चढताना धोतर सावरावं लागतं. लांब गाडी साहेबाची. तिच्यात शिरताना वाकावं लागतं, उतरताना कुणीतरी हात द्यावा लागतो आणि तिच्या नाकावर चांदणी, चार कड्या नाहीतर निळं-पांढरं चक्र असतं. मेव्हण्याने मोबाईलवर फोटो दाखवला. काळीभोर, आरशासारखी, २०१६ ची. नवी असताना ५० लाखांची, आता साडेबारा लाखांत. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातलाच प्रकार समजा. सगळ्या गावाला माहीत असतं, पण तोंडाने घ्यायचं नाही.

"साडेसदतीस लाख वाचायलेत बघा दाजी," मेव्हणा म्हणाला. जे पैसे आपल्याकडे कधीच नव्हते ते वाचवल्याचा आनंद काही वेगळाच असतो. तो त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

मला मोटारीतलं काही कळत नाही. पण मी तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे कागद दिसला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. तेवढ्या भांडवलावर गाडी बघायला माझी नेमणूक झाली. निघताना बायकोने मला माजघरात बोलावलं. "त्याला नाही म्हणू नका, वाईट वाटतं त्याला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण हो बी म्हणू नका." कर्नाटकात राहून मराठी माणसाला ही भाषा चांगली जमते.

मोटारीतलं कळत नसलं तरी बैलातलं थोडं कळतं. आमचे आबा उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला जायचे आणि मला सोबत न्यायचे. आमच्या भागातलं नावाजलेलं जनावर म्हणजे देवणी. त्यातही वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन वाण. आबा वाण बघायचे नाहीत. ते म्हणायचे, वाण गिऱ्हाइकाने बघायचा असतो, शेतकऱ्याने बैल बघायचा. त्यांचे नियम पाच होते. दात मोज. दाखला बघ. अंगावर हात फिरव. जुंपून बघ. आणि शेवटचा, जो ते बाजाराच्या आधी घरीच, गोठ्यात उभे राहून सांगायचे: आधी वैरण मोज. बैल किमतीला घेत नसतात, वैरणीला घेतात.

हे पाच नियम बरोबर घेऊन मी बोलेरोत बसलो.

हुमनाबादला मिस्त्री चढले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. वडील बैलांचे दलाल, मुलगा मोटारींचा डॉक्टर. धंदा तोच, फक्त शिंगं गेली. हातात एक छोटी पेटी होती, तिला ते 'मशीन' म्हणत. कमलापूरला थांबून लाल केळी घेतली. तिथे मेव्हण्याने आम्हाला गाडी इतकी स्वस्त का, याचं शास्त्र सांगितलं. ते खरंही होतं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर नकोत, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली सांगितलं आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. तेव्हापासून नववं वर्ष लागलं की तिकडच्या गाड्यांना दक्षिणेची ओढ लागते, जशी म्हातारपणी आपल्याकडच्या माणसांना काशीची लागते. ही गाडीही दिल्लीहून हैदराबादला आणि हैदराबादहून कलबुर्गीला आली होती.

अशा गाड्यांचा दुसरा झरा मराठवाड्यातला. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, देशभर गाजला. तेव्हापासून आमच्या सीमाभागात कुठलाही एजंट जुनी मर्सिडीज विकताना आवाज खाली आणून सांगतो, "ती दीडशेतलीच आहे." मी आजवर ऐकलेल्या धरल्या तर त्या दीडशेच्या सहज चारशे झाल्या आहेत. द्रौपदीच्या थाळीनंतर असा चमत्कार दुसरा नाही.

कलबुर्गीच्या रिंगरोडवर एका पत्र्याच्या शेडखाली पंधरा-वीस लांब गाड्या ओळीने उभ्या होत्या, पोळ्याला सजवल्यासारख्या. शेठ पुढे आले. "या सर, बर्री, आइए साब." एका दमात तीन भाषा. तिन्हीत आम्ही गिऱ्हाईकच होतो. चहा सांगितला. गाडीवरचं कापड त्यांनी असं काही सरकवलं की मेव्हण्याने नकळत खिशावर हात ठेवला.

उस्तादांनी मात्र पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. झाकण कोमट होतं.

"सुबह से किधर गई थी गाडी?"

"किधर भी नहीं उस्ताद. खाली स्टार्ट करके रखा, आपको तकलीफ नक्को बोलके."

हीच ती तकलीफ, जी आपण घ्यायला आलेलो असतो. इंजिनाचं खरं दुखणं रात्रभर गार पडल्यावर पहिल्या चावीला कळतं. धूर किती, आवाज कसा, थरथर किती वेळ. साखळी सैल असेल तर ती पहिल्या काही सेकंदांतच खडखडते. तापलेलं इंजिन म्हणजे बाजारात आणण्याआधी दोन मैल चालवून आणलेला बैल. लंगडत असला तरी अंग मोकळं झालेलं असतं.

तरी आम्ही नियमाप्रमाणे दातांपासून सुरुवात केली. बैलाचं वय दातांवरून कळतं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळला. दात खोटे बोलत नाहीत. शिंगं बोलतात. शिंगांवर वयाची वलयं येतात, म्हणून लबाड दलाल शिंगं तासून तेल लावतो. मोटारीत शिंगांच्या जागी किलोमीटरचा काटा असतो. काट्यावर ४८ हजार होते. शेठ म्हणाले, "सिंगल हैंड, कम चली हुई."

कमी चाललेली गाडी या जगात एकच, ती हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात आहे. सहाव्या निझामाने मागवलेली पिवळी रोल्स रॉईस, १९१२ ची. ती यायच्या आतच ते गेले आणि पुढेही ती जेमतेम काहीशे मैलच चालली. बाकी सगळ्या गाड्या चालतात. चाललेली गाडी पायात ओळखू येते. मी ब्रेकचा पेडल बघितला. रबरावरच्या रेघा पुसून तो आमच्या शाळेच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झाला होता. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड, जिथून माणूस रोज घसरत उतरतो, ती चिरून पुन्हा रंगवली होती. स्टिअरिंगचं कातडं तेवढं नवं. ४८ हजारांत एवढं झिजायचं तर ड्रायव्हरने पायात नाल ठोकले असले पाहिजेत.

मग टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला एका छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. मी वाकून वाचले: ०५१९, २७२२, २७२२ आणि ३८१७. म्हणजे चार पायांत तीन जन्मतारखा, आणि एक पाय २०१७ च्या सप्टेंबरातला. मेव्हणा म्हणाला, "काय बघायलाव दाजी, शाळेच्या दाखल्यासारखं?" मी म्हणालो, "दाखलाच आहे बाबा. फक्त हा खाडाखोड न केलेला आहे."

उस्तादांनी तेवढ्यात स्टिअरिंगखालच्या खाचेत मशीनची वायर खुपसली. आतल्या संगणकांत किलोमीटर एकाच ठिकाणी लिहिलेले नसतात. काटा मागे फिरवणारा एक वही दुरुस्त करतो, बाकीच्या विसरतो. मशीनने गिअरबॉक्सच्या वहीतून १ लाख ३७ हजार वाचून दाखवले. शेठ म्हणाले, हा गाडीचा नाही, कम्प्यूटरचा दोष. उस्तादांनी आणखी एक बटण दाबलं आणि हळूच म्हणाले, "मास्टरजी, पाटी अभी-अभी पोंछी है." गाडीने स्वतःच्या तक्रारी ज्या पाटीवर लिहिल्या होत्या ती कुणीतरी त्याच दिवशी पुसली होती. पाटी पुसली की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दिसतात, त्यावरून कळतं. ३३ वर्षं पाट्या बघितल्या, पण मोटारीची पहिल्यांदा बघितली.

यानंतर माझ्या आवडीचं काम होतं, हजेरी. चावी अर्धी फिरवली की समोर सगळे दिवे एकदा लागतात आणि काही क्षणांत विझतात. हे दिवे म्हणजे 'हजर' म्हणून खाली बसणारी मुलं. लागून राहिला तो दिवा आजारी. पण जो लागलाच नाही तो त्याहून वाईट, कारण त्याला कुणीतरी शाळेतच येऊ दिलेलं नाही. मी मोठ्याने हजेरी घेतली. एअरबॅग, हजर. ब्रेक, हजर. तेल, हजर. इंजिन? पुन्हा चावी फिरवली. इंजिन? वर्गातला सगळ्यात खोडकर मुलगा गैरहजर होता. त्याच्या मागचा बल्ब काढला होता, की तारच तोडली होती, ते शेठ जाणोत.

तिसरा नियम, अंगावर हात फिरवणं. बिदरच्या माणसाला रंगाबद्दल शिकवायची गरज नसते. आमच्या बिदरी कामात आत असतं जस्त आणि थोडं तांबं, म्हणजे दिसायला अगदी पांढुरकं भांडं. त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातल्या जुन्या मातीत नवसागर मिसळून ते बुडवतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच चकाकते. ही गाडी तीच कला होती. आत पुट्टी, वर काळी झळाळी, कडेने चांदीसारखी पट्टी. उस्तादांनी दारांच्या फटीत बोट घातलं. तीन दारांची फट सारखी, चौथ्याची खाली रुंद. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा. कारखान्यात बसवलेल्या बोल्टचा रंग पान्याने उडालेला नसतो. मेव्हण्याला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायला सांगितलं. पुरात बुडालेल्या गाडीचा बेल्ट शेवटच्या हातभर लांबीत चिखलाची रेघ दाखवतो, कारण तेवढा भाग कुणी ओढून धूत नाही. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये तळघरांत पाणी शिरलं होतं, हे आम्हाला आठवत होतं. बेल्ट स्वच्छ निघाला. सकाळपासून ही पहिली चांगली बातमी होती. मेव्हण्याने माझ्याकडे विजयाने बघितलं. बेल्ट मात्र परत आत जाईना. मेव्हणा पुढची सगळी बोलणी गळ्यात उपरणं घातल्यासारखा बेल्ट घेऊनच करत होता.

आता मागे राहिलेला दुसरा नियम, दाखला. आरसीवर लिहिलं होतं, मालक क्रमांक दोन. मेव्हणा म्हणाला, "दोनच मालक, चांगलंय की." आम्ही बिदरकर मालकांच्या संख्येला भीत नाही. आमचा प्रांतच बहुमालकी. चालुक्यांनी कल्याणी बांधली, मग यादव, मग दिल्लीकर, मग बहमनी. बहमनींनी पंधराव्या शतकात राजधानी कलबुर्गीहून बिदरला नेली, म्हणजे कलबुर्गीहून जुना माल आणायची आमची परंपरा मोठी आहे. मग बरीदशाही, १६१९ ला विजापूर, मग औरंगजेब, मग निझाम, १९४८ ला भारत. १९५६ ला तर एका बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. भालकी, औराद, हुमनाबादसह आम्ही म्हैसूर राज्यात. एकच सोयरिक, तीन राज्यांत. त्यामुळे आमच्या कुठल्याही बारशाला अंगणात केए ३८, एमएच २४ आणि टीएस अशा तीन पाट्यांच्या गाड्या उभ्या असतात. बहिणीच्या दारातली गाडी भावाच्या दारात आणायची तर मिठाई नाही, ना-हरकत दाखला लागतो.

तो दाखला म्हणजे फॉर्म २८. मालकी बदलाचे २९ आणि ३०. गाडीवर बँकेचं कर्ज होतं आणि ते फिटलं असेल तर बोजा उतरवायचा ३५. मी फाईल उघडली. २९ आणि ३० वर मालकाची सही होती, तारीख नव्हती, घेणाऱ्याचं नावही नव्हतं. याला बाजारात 'ओपन सही' म्हणतात. अशा कोऱ्या सहीवर गाडी पाच हात फिरते आणि आरसी मात्र दुसऱ्या मालकाशी पतिव्रतेसारखी राहते. मधले तीन जण कागदावर जन्मालाच आलेले नसतात. या घोळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. म्हणून विकणाऱ्यानेही घाई करावी आणि घेणाऱ्यानेही. चासीचा १७ अक्षरी नंबर मी आरसीवरून मोठ्याने वाचला, उस्तादांनी गाडीवरचा वाचला. शुद्धलेखन जुळलं. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकला. विम्याची मुदत संपलेली, वेगाची तीन चलनं बाकी आणि बँकेचा बोजा अजून उभा.

"वो हो जाता साब, दो दिन का काम है."

"मग दोन दिवसांनी येतो," मी म्हणालो. मेव्हण्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मांडवात नवरीला नाव विचारलं.

आणि कर. हा आमच्या सीमाभागाचा खास विषय. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण हिशेब सुरू होतो तो गाडी नवी असतानाच्या किमतीपासून, तुम्ही मोजलेल्या साडेबारा लाखांपासून नाही. म्हणजे गाडी म्हातारी झाली तरी सरकार तिला लग्नातल्या साडीतच बघतं. यावर आमच्या भागात एक गावठी तोडगा आहे. अकरा महिने गाडी इथे राहते आणि बाराव्या महिन्यात उदगीरला माहेरपणाला जाऊन येते. चौकात हटकलं की मालक सांगतो, "कालच आलो साहेब." बॉनेटवर मात्र पंधरा दिवसांची भालकीची धूळ असते. मी मास्तर असल्याने हा तोडगा सुचवू शकत नाही, फक्त नोंदवू शकतो.

चौथा नियम, जुंपून बघणं. बैल नुसता चालवून चालत नाही, भरल्या गाडीला जुंपावा लागतो. आम्ही चौघं बसलो, एसी लावला, सगळ्या काचा वर-खाली केल्या, छताची खिडकी उघडली आणि मिटली. उस्तादांनी पुढचा आणि उलटा गिअर आलटून पालटून टाकला. प्रत्येक वेळी गाडीने पाठीत एक हलका गुद्दा दिला, नवखा कंडक्टर घंटी ओढतो तसा. मोठ्या रस्त्यावर ती खरंच छान पळाली, खोटं का बोला. आत आवाज नाही, धक्का नाही, मेव्हण्याच्या चेहऱ्यावर समाधी. मग उस्तादांनी मुद्दाम गावाकडचा रस्ता धरला. तिथे एक गतिरोधक होता, सरकारी मापाचा नव्हे, गावकऱ्यांनी रागाच्या भरात रातोरात घातलेला. गाडीचं पुढचं चाक चढलं, उतरलं आणि मग पोटाखालून जो आवाज आला, तसा आवाज आमच्याकडे नांगराचा फाळ दगडाला लागला की येतो. जर्मनीत गतिरोधक घालताना गावकऱ्यांना विचारत नसावेत. उसाच्या हंगामात जोडट्रॉल्या रस्ता खोदून ठेवतात तेव्हा हिचं काय होईल, हे मी मेव्हण्याला विचारलं नाही. त्याने स्वतःच हिशेब केलेला दिसला, कारण तो पहिल्यांदाच गप्प बसला.

परत शेडमध्ये आलो. सुसला आणि मिरचीभजी आली, मग पुन्हा चहा. कागदांवर तासभर गेला. शेडच्या कोपऱ्यात एक म्हातारा राखणदार बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. आबा नेहमी दलालाला सोडून गुराख्याशी बोलायचे. मी विचारलं, ही का विकायलेत? शेठने मघाशी सांगितलं होतं की मालक परदेशात गेला. जुन्या गाड्यांचे सगळे मालक परदेशातच जातात. या हिशेबाने अर्धं हैदराबाद रिकामं असायला हवं. राखणदार हसला. "मास्तर, ही जाते आणि परत येते. पावसाळ्यात एकाने नेली, दसऱ्याला आणून लावली. दिवाळीला दुसऱ्याने नेली, संक्रांतीला परत." म्हणजे ज्यांची नावं कागदावर नव्हती ते दोन मालक इथे भेटले.

आम्ही उठलो आणि उस्ताद एकदम थांबले. सकाळी आलो तेव्हा त्यांनी पुढच्या डाव्या चाकावर, टायर आणि पत्र्याच्या मधे चार बोटं आडवी घालून बघितली होती. आता तिथे दोनच बोटं मावत होती. उजव्या बाजूला अजून चार. हवेच्या गादीवर उभी राहणारी ती गाडी दीड तासात एका खांद्याने खाली बसत होती. हवेचा फुगा झिजला की असं होतं, आणि रात्रभर उभी ठेवली तर सकाळी पोट जमिनीला टेकतं. मला आबा आठवले. आमच्याकडे अशा बैलाला बसका म्हणतात. दिसायला राजबिंडा, बाजारात ताठ उभा. पण रानात नेऊन जू मानेवर ठेवलं की चार पाय दुमडून तासात बसतो. मग तुम्ही मारा, शेपूट पिरगाळा, देवाचं नाव घ्या. तो बघतो तुमच्याकडे प्रेमाने, पण उठत नाही.

राहिला पाचवा नियम. उस्तादांना खर्च सांगायचा होता, पण शेठसमोर नाही. त्यांनी खांद्यावरचा रुमाल मेव्हण्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलबाजारातली ही जुनी बोली आहे. रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, शेजारी उभ्या माणसालाही कळू द्यायचा नाही. वडिलांकडून आलेली ती बोली उस्ताद मोटारीसाठी वापरत होते. मी फक्त मेव्हण्याचा चेहरा बघत होतो. पुढचे दोन फुगे: भुवया वर गेल्या. चार टायर: तोंड थोडं उघडलं. हिला जादा चाक नसतं, पंक्चर होऊनही थोडं पळणारे खास टायर लागतात, तेही प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. गिअरबॉक्स: त्याने दुसऱ्या हाताने शेडचा खांब धरला. वर विमा, कर आणि अधिकृत कारखान्यात न्यायचं तर हैदराबादची खेप. ती खेपही चालवत होईल याची खात्री नाही, उचलून न्यायची तर त्याचं भाडं वेगळं. रुमालाखालची बोटं थांबली तेव्हा सगळी मिळून साडेसहा लाख झाली होती. ही फक्त पहिल्या वर्षाची वैरण.

मेव्हणा थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने तोच रुमाल उचलला, शेठकडे गेला, म्हणाला, "शेठ, हात द्या," आणि रुमालाखाली त्यांची बोटं दाबली. शेठने हात असा मागे घेतला की जणू विस्तव लागला. किती बोटं दाबली ते त्याने अजून मला सांगितलेलं नाही. पण परत येताना कमलापूरला केळ्यांचे पैसे त्याने घासाघीस न करता दिले. त्यावरून माणूस शुद्धीवर आला होता, हे मी ओळखलं.

मेव्हणा अजून बोलेरोतच फिरतो. मुलीच्या लग्नात वरातीला लांब गाडी दिवसाच्या भाड्याने आणली, हार घातला, दोन गल्ल्या फिरवली आणि संध्याकाळी परत दिली. वैरण मालकाची, शोभा आपली. आबांना हा व्यवहार पटला असता.

तरीही तुम्हाला लांब गाडी घ्यायचीच असेल तर नाही म्हणणार नाही, आणि हो बी म्हणणार नाही. एवढंच करा. न सांगता, सकाळी लवकर जा आणि आधी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गार लागलं तर पुढचं बघा. बघण्यासारखं बरंच आहे, वर लिहिलंच आहे. कोमट लागलं तर चहा घ्या, शेठला नमस्कार करा आणि परत या.